वाचक विचारतात : कोच आपला आहे, म्हणून किती थांबायचं?

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की, नेब्रास्का विद्यापीठाने फुटबॉल कोच स्कॉट फ्रॉस्टला २०२२ मध्ये काढलं, ते एक वर्ष आधीच काढायला हवं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. नेब्रास्कातल्या लिंकन-ओमाहाहून पत्रं येणार हे ठाऊकच होतं, पण नाशिक-कोल्हापूरहूनही आली. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते की, हा हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. खेळणारी मुलं कॉलेजातली, अठरा ते बावीस-तेवीस वयाची.

ताई, माझा मुलगा लिंकनला एमएस करतो. म्हणतो, संघ हरला की सोमवारी लॅबमध्ये कुणी धड बोलत नाही. एका कोचसाठी अख्खं राज्य भांडतं, तेही तो जाऊन वर्षं उलटल्यावर! हे आहे तरी काय? — एक आई, नाशिक

तुमचा मुलगा तिखटमीठ लावून सांगत नाहीये, खरंच असं असतं. नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. राज्यात बड्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही. जे आहे ते हेच, लाल कपड्यांतले 'हस्कर्स'. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकली गेली आहेत. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियमच ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. माझ्या पुढच्या रांगेत बसणारे एक शेतकरी आजोबा चार तास गाडी चालवून येतात आणि सामना संपल्यावर चार तास चालवून परत जातात, कारण दुसऱ्या दिवशी गुरांना चारा घालायचा असतो. त्यांच्या वडिलांकडून आलेली तिकिटं आहेत ती.

आता फ्रॉस्ट. लिंकनला जन्मलेला, वुड रिव्हर नावाच्या लहानशा गावात वाढलेला. आईवडील दोघंही तिथल्या शाळेत कोच; आई कॅरल १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरली होती. आधी तो स्टॅनफर्डला गेला, मग घरी परतला आणि १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू, झाला. त्या मोसमातला मिझुरीविरुद्धचा सामना इथली माणसं आजही कालच पाहिल्यासारखा सांगतात. नेब्रास्का सात गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद उरलेले. फ्रॉस्टने फेकलेला चेंडू शेविन विगिन्सच्या हातातून निसटला, पडता पडता त्याच्या पायाला लागून वर उडाला आणि जमिनीला टेकायच्या आत मॅट डेव्हिसनने झेप घेऊन पकडला. जादा वेळेत नेब्रास्का ४५-३८ जिंकलं.

हाच फ्रॉस्ट पुढे कोच झाला. २०१७ मध्ये त्याने सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला १३ पैकी १३ सामने जिंकून दिले आणि त्याच डिसेंबरात तो नेब्रास्काचा कोच म्हणून घरी आला. लोकांनी त्याला कोच म्हणून नेमलं असं म्हणणं अपुरं होईल, त्यांनी त्याला ओवाळून घरात घेतलं. त्यानंतरचे आकडे असे : २०१८ मध्ये ४ विजय आणि ८ पराभव, २०१९ मध्ये ५-७, कोविडच्या वर्षी ३-५, २०२१ मध्ये ३-९, आणि २०२२ मध्ये तीन सामन्यांत १-२ झाल्यावर ११ सप्टेंबरला त्याला काढलं. एकूण १६-३१. परका माणूस असता तर लोक दोन दिवस चिडून गप्प बसले असते. हा घरचा होता, म्हणून वाद मिटत नाही.

तुम्ही म्हणता वर्षभर आधी काढायला हवं होतं. मी म्हणतो, तीन आठवडे उशिरा काढायला हवं होतं! करार संपण्याआधी काढलं म्हणून त्याला द्यायची रक्कम १ ऑक्टोबरला दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. मधे सामना किती? एक! एका सामन्यासाठी ७५ लाख डॉलर पाण्यात घातले. आमच्या कंपनीत असा निर्णय घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. — एक आयटीवाला, ओमाहा

हिशोब तुमचा बरोबर आहे. १७ सप्टेंबरला ओक्लाहोमा, पुढचा शनिवार सुट्टीचा आणि मग थेट १ ऑक्टोबरला इंडियाना. त्या वेळच्या भावाने ७५ लाख डॉलर म्हणजे साठ कोटी रुपयांच्या घरात. बाहेरच्या वाचकांना हे वाचून घेरी येईल, म्हणून सांगते : हा पैसा करदात्यांचा नाही. इथला क्रीडा विभाग तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि देणगीदार यांच्या जिवावर चालतो. आणि या धंद्यात ही रक्कम मोठीही नाही. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढलं तेव्हा त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं.

तरी मी तुमच्याशी सहमत नाही. त्या तीन आठवड्यांत काय वातावरण असतं ते तुम्ही ओमाहात राहून पाहिलंच असेल. १ ऑक्टोबर ही तारीख राज्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे तीच चर्चा. खेळाडूंना ती ऐकू येत नव्हती का? आपला कोच ठराविक तारखेपर्यंतच आहे आणि पैसे वाचावेत म्हणूनच आहे, हे ज्या मुलांना ठाऊक आहे त्यांना तुम्ही सरावाला उभं करणार, ऊर फुटेस्तोवर पळायला लावणार, वर त्याचंच ऐका म्हणणार. मला ते पटत नाही. तेव्हाचा क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स स्वतः याच संघाकडून खेळलेला. १९९३ साली देशातला सर्वोत्तम लाइनबॅकर (बचावपटू) म्हणून बटकस पुरस्कार मिळवलेला. ड्रेसिंग रूममध्ये काय चालतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

ज्या सामन्यानंतर हे झालं तोही आठवा. जॉर्जिया सदर्न! मोठ्या संघांनी मानधन देऊन बोलवायचा आणि हरवून परत पाठवायचा असा संघ. त्यांनी आपल्या मैदानात ६४२ यार्डांची मजल मारली. आपण ४२ गुण केले, तरी हरलो. शेवटची ३६ सेकंद उरली असताना त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन स्वतः पळत आत शिरला : ४५-४२. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण करून नेब्रास्का त्याआधी कधीच हरलं नव्हतं. त्या रात्री स्टेडियममधून बाहेर पडताना कुणी ओरडत नव्हतं. लोक नुसते चालत होते. पुढच्या शनिवारी त्यांना पुन्हा तिथेच, त्याच माणसासाठी बोलावणं अल्बर्ट्सला जमलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

ओक्लाहोमाकडून आपण नंतरही ४९-१४ असे आपटलो, हे तुम्ही पुढच्या पत्रात लिहालच. पण त्याच मुलांनी, हंगामी कोच मिकी जोसेफच्या हाताखाली, मोसमाच्या शेवटी आयोवाला आयोवात जाऊन २४-१७ हरवलं. ओळीने सात वर्षं ज्यांच्याकडून हरत होतो त्यांना. ती मुलं खेळ सोडून बसली नव्हती.

मावशी, माझा रूममेट इथलाच आहे. तो म्हणतो, नेब्रास्काच्याच जुन्या कोच टॉम ऑस्बर्नलाही पहिलं विजेतेपद बावीस वर्षांनी मिळालं. कोच जिम हारबॉला मिशिगनने धरून ठेवलं म्हणून ते जिंकले. मग फ्रॉस्टला पाच वर्षंही पुरी का मिळाली नाहीत? मला उत्तर देता आलं नाही. — एक विद्यार्थी, लिंकन

अरे, रूममेटला चहा पाज आणि समोर बसव. हे उत्तर लांब आहे.

ऑस्बर्न यांचं उदाहरण इथे प्रत्येक जण देतो आणि प्रत्येक जण अर्धंच देतो. ते १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं कोच होते आणि त्यातल्या एकाही मोसमात त्यांचे नऊपेक्षा कमी विजय नाहीत. एकाही नाही! २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. तरीही सुरुवातीला लोक कुरकुरायचे, कारण ओक्लाहोमाला हरवायला त्यांना १९७८ उजाडलं. वैतागून त्याच वर्षी ते कोलोराडोला जायच्या विचारात होते, तिथे जाऊन पाहूनही आले. म्हणजे लोकांनी धीर धरला तो वर्षाला नऊ सामने जिंकणाऱ्या माणसासाठी. तीन विजयांच्या माणसासाठी ते उदाहरण लागू पडत नाही.

आता मी ज्यावर अडून बसले आहे ते सांगते. कोच किती सामने हरला हे पहिल्या दोन वर्षांत फार बघू नये. कसा हरला ते बघावं. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीही तसाच हरत असेल तर थांबू नये.

ऑस्बर्न यांचाच एक पराभव घे. २ जानेवारी १९८४, मायामीतला ऑरेंज बाउल, म्हणजे मोसमाअखेरचा मानाचा सामना. शेवटच्या मिनिटात टचडाऊन करून, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपार नेऊन, नेब्रास्का ३१-३० पर्यंत आलं. एका गुणाची सोपी किक मारली असती तर बरोबरी, आणि विजेतेपद बहुतेक आपलंच. ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. टर्नर गिलचा पास एका बचावपटूच्या हाताला लागला आणि गेला. विजेतेपद मायामीला. चाळीस वर्षं झाली, त्या निर्णयाबद्दल लिंकनमध्ये वाईट बोलणारा माणूस मला भेटलेला नाही. जिंकायला आलो होतो, बरोबरी मागायला नाही, असंच सगळे सांगतात.

फ्रॉस्टचे पराभव त्याच्याशेजारी ठेव. २०२१ मध्ये नऊ सामने हरलो, त्यातले आठ एका टचडाऊनच्या अंतराने आणि नववा ओहायो स्टेटकडून नऊ गुणांनी. रूममेट म्हणेल, 'बघा, किती थोडक्यात!' त्याचे समर्थक तेव्हा हेच म्हणत होते की, नशीब फिरलं की सगळं फिरेल. पण मिशिगन स्टेटचा सामना बघ. चार मिनिटांहून कमी वेळ, आपण २०-१३ पुढे. आपल्याला फक्त चेंडू पंट करायचा, म्हणजे पायाने लांब मारून समोरच्यांना द्यायचा होता. पंटरने तो डावीकडे मारला, अडवायला धावणारे आपले खेळाडू उजवीकडे गेले. समोरच्याला मोकळं रान मिळालं, तो ६२ यार्ड पळाला आणि बरोबरी. जादा वेळेत हरलो. इलिनॉयविरुद्ध आपल्याच गोललाइनजवळ पंट झेलून गोंधळ केला आणि फुकटचे दोन गुण दिले. मग २०२२ मध्ये डब्लिन. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू जवळच मारून पुन्हा आपणच पकडायचा जुगार. जो पुढे आहे त्याने हा खेळायचं कारण नव्हतं. चेंडू त्यांना मिळाला, ते ३१-२८ जिंकले, आणि नॉर्थवेस्टर्नचा त्या अख्ख्या मोसमातला तो एकमेव विजय ठरला.

एका टचडाऊनच्या अंतरातल्या सामन्यांत फ्रॉस्टची कामगिरी ५ विजय आणि २२ पराभव. पाच-सहा सामन्यांत नशिबाला दोष दे, मी ऐकून घेईन. सत्तावीस सामन्यांत नशीब एकाच बाजूला झुकत नाही. पंट, किक, परतीची धाव यासाठी फक्त तेवढंच काम असलेला प्रशिक्षक त्याने नेमला तो शेवटच्या वर्षी. जखम कुठे आहे ते सगळ्या राज्याला दिसत होतं.

हारबॉचं उदाहरण मात्र रूममेटने चांगलं काढलं. मिशिगनचाच जुना क्वार्टरबॅक, तोही घरचा. २०२० मध्ये २-४, आणि ओहायो स्टेटविरुद्ध तोवर ०-५. मिशिगनने त्याला काढलं नाही, पण त्याचा मूळ पगार जवळपास निम्मा केला. आणि हारबॉने काय केलं? सहायकांची फळी बदलली, तरुण माणसं आणली. बचावाची सूत्रं तिशीतल्या माइक मॅकडोनाल्डच्या हाती दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये, बर्फ पडत असताना, ओहायो स्टेटला ४२-२७ ने चेचलं आणि २०२३ चा मोसम १५-० ने संपवला. व्हर्जिनिया टेकच्या फ्रँक बीमर यांचंही तसंच. १९९२ मध्ये, सहाव्या वर्षी, २-८-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा). विद्यापीठ थांबलं, त्यांनी सहायक बदलले आणि त्यानंतर २०१५ ला निवृत्त होईपर्यंत त्यांच्या संघाची एकाही वर्षी बाउल सामन्याची संधी हुकली नाही.

फ्रॉस्टच्या बाबतीतही नोव्हेंबर २०२१ मध्ये वरवर तेच झालं. पगार पन्नास लाखांवरून चाळीस लाख डॉलर, आक्रमणाचे चार सहायक एका दिवसात घरी. पण संघ आक्रमणामुळे हरत नव्हताच. तो हरत होता पंट-किकच्या गोंधळाने, आणि मोक्याच्या क्षणी बाजूरेषेवरून घेतलेल्या निर्णयांनी. ते निर्णय घेणारा माणूस तोच राहिला. म्हणून मी म्हणते, तेव्हाच थांबायला हवं होतं.

नाही थांबले, याचं कारण मला जुन्या घावांत दिसतं. २००३ मध्ये याच विद्यापीठाने फ्रँक सोलिचला नऊ विजय मिळवल्यावर काढलं, कोलोराडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी. २०१४ मध्ये बो पेलिनीला काढलं, ज्याने एकाही मोसमात नऊच्या खाली विजय दिले नव्हते. दोन्ही वेळा पुढे आणखी वाईट दिवस आले. सोलिच ओहायो युनिव्हर्सिटीत जाऊन त्यांच्या लीगमधला सर्वाधिक विजयांचा कोच झाला. दुधाने तोंड पोळलेली माणसं मग ताकही फुंकून प्यायला लागली. नऊ विजयांच्या माणसांना जो धीर द्यायचा होता तो तीन विजयांच्या माणसाला दिला.

आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पेठेत आठवडाभर खल चालतो. तालमीत जाऊन तोंडावर बोलताही येतं. तिकडे लोकांचं कोण ऐकतं? — एक वाचक, कोल्हापूर

थेट कुणीच नाही, दादा. निर्णय क्रीडा संचालकाचा. त्याच्यावर विद्यापीठाचे वरिष्ठ, आणि आडून दबाव मोठ्या देणगीदारांचा. सामान्य माणसाच्या हातात तिकीट असतं. म्हणूनच १९६२ पासूनची ती तिकीटविक्रीची साखळी तुटेल की काय ही भीती इथे प्रत्येक वाईट मोसमात कानावर येते, आणि संचालकाला ती नक्की ऐकू जाते. तोंडावर बोलण्याची तुमची सोय मात्र मला हवीशी वाटते.

मी नवऱ्याबरोबर सामन्याला गेले होते. आपलेच लोक आपल्याच मुलांना 'बू' करत होते. मला ते बघवेना. नवरा म्हणतो, तिकिटाचे पैसे दिलेत, तो हक्क आहे. — एक वाचक, लिंकन

तुमच्या बाजूने आहे मी, आणि ठामपणे आहे.

१९९७ मध्ये फ्रॉस्टलाही याच मैदानात 'बू' झालं होतं. विजेतेपद मिळवून देणाऱ्या मोसमातच. समोर संघ होता सेंट्रल फ्लोरिडा, जिथे जाऊन पुढे त्याने कोच म्हणून नाव कमावलं. लोक हे विसरले. तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

आणि एड्रियन मार्टिनेझ आठवा. फ्रॉस्टच्या चार मोसमांचा क्वार्टरबॅक, पहिल्या वर्षी अवघा अठरा-एकोणीस वर्षांचा. कोचवरचा राग लोक याच मुलावर काढायचे. प्रत्येक हातातून सुटलेल्या चेंडूचा हिशोब त्याच्या नावावर. वर सांगितलेल्या त्या मिशिगन स्टेटच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला. तो तसाच खेळला, पुढचे आठवडेही खेळत राहिला, आणि आपल्याला ते बऱ्याच उशिरा कळलं. तोवर लोक त्याला काय काय म्हणून बसले होते! मोसमाच्या शेवटी तो कॅन्सस स्टेटला गेला. मी त्याला जा बाबा, सुखी राहा असंच म्हणाले.

तुमच्या नवऱ्याला सांगा, कोचला वर्षाला लाखो डॉलर मिळतात. त्याच्याबद्दल बोला, भांडा, संचालकाला कडक पत्र लिहा, पुढच्या मोसमाचं तिकीट घेऊ नका. तो हक्क पुरेपूर वापरा. पण चेंडू सुटलेला पोरगा बाजूरेषेकडे चालत येतो तेव्हा त्याची आई बहुधा त्याच स्टेडियममध्ये, लाल जर्सी घालून बसलेली असते. पालकांच्या जागा कुठे असतात ते पुढच्या वेळी नवऱ्याला दाखवा, आणि शक्य असेल तर तिथून जवळच्या रांगेची तिकिटं काढा.